ओलं सरपण

दिवाळीनंतर माझी थोरली बहीण आठ दिवस राहायला आली आणि आमच्या स्वयंपाकघरात एक वाद सुरू झाला. वादाचा विषय लसूण होता, निदान पहिल्या दिवशी तरी.

माझी बायको मीनल जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावणार आहे, म्हणजे 42.195 किलोमीटर. गेलं वर्षभर लांब पळताना तिचं पोट साथ देत नाही. पंचविसाव्या किलोमीटरपुढे फुगतं, कळा येतात, आणि मग पुण्यातल्या एनडीए रस्त्यावर कुठलं हॉटेल सकाळी सहाला उघडतं याची माहिती उपयोगी पडते. डॉक्टरांनी तपासण्या करून इरिटेबल बॉवेलचं निदान केलं. गहू सोडण्याआधीच त्यांनी सीलिअॅक या गहू न सोसण्याच्या आजाराची रक्ततपासणी करवून घेतली हे बरं झालं. गहू सोडून बरेच आठवडे लोटले की ती तपासणी आजार असूनही ‘नाही’ म्हणू शकते. मग आहारतज्ज्ञांनी लो-फॉडमॅप आहार सुचवला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005च्या सुमारास ही कल्पना मांडली. काही कर्बोदकं लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती पुढे जाऊन पाणी ओढतात, जिवाणू त्यांना आंबवतात आणि वायू धरतो. तेव्हा ती सगळी आधी बंद करायची आणि मग एकेक करून परत आणायची.

बहीण, म्हणजे ताई, वाईला असते. आयुष्यभर तिने न्यायशास्त्र शिकवलं. साधं बोलतानाही समोरच्याचा हेतू तपासायची सवय तिला तिथूनच लागली असावी.

ताई : बंद म्हणजे काय काय बंद?

मीनल : गहू, कांदा, लसूण. तूर, हरभरा, राजमा. दूध, मध, सफरचंद, आंबा, फ्लॉवर.

ताई : मग उरलं काय?

मीनल : भात, पोहे, ज्वारीची भाकरी, बटाटा, साबुदाणा, शेंगदाणे, अंडी, मासे. लसणाची फोडणी करून पाकळ्या काढून टाकल्या तर ते तेल चालतं. त्रास देणारा भाग पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही.

ताई : म्हणजे एकादशी आणि मासळीबाजार एका ताटात. किती दिवस?

मीनल : बंदी दोन ते सहा आठवडे. नंतर एकेक गट परत आणून बघायचा, त्याला आणखी सहा ते आठ.

ताई : आणि शर्यत?

मीनल : आठ आठवड्यांवर.

वाद इथेच संपायला हवा होता, कारण बेरीज कोणालाही जमते. पण मीनलचं म्हणणं असं की निम्मंच करू. शर्यतीपर्यंत नुसती बंदी पाळू, पोट शांत राहील, परत आणायचं ते नंतर बघू. हे ऐकून मलाही बरं वाटलं. ताईला नाही वाटलं.

ताई : बंद केल्यावर दुखणं थांबलं, तर तुला काय कळलं?

मीनल : की बंद केलेल्यातलं काहीतरी बाधत होतं.

ताई : ‘काहीतरी.’ दहा जणांना एकाच वेळी घराबाहेर काढलंस आणि चोरी थांबली. चोर कळला का? कारण ठरवायला दोन्ही अंगं लागतात. ते नसताना कार्य नाही, हा व्यतिरेक. ते असताना कार्य आहे, हा अन्वय. तुझी बंदी म्हणजे नुसता व्यतिरेक. अन्वय तू पुढच्या वर्षावर ढकलते आहेस.

मीनल : मला आत्ता चोर नकोच आहे. मला एकवीस दुणे बेचाळीस पोट न दुखता धावायचं आहे.

ताई : हे मात्र प्रामाणिक बोललीस. मग याला तपास म्हणू नको. ही तजवीज आहे. तजवीज वाईट नसते, पण तिच्यावरून निष्कर्ष काढायचे नसतात.

हा फरक मला आधी शब्दांचा खेळ वाटला होता. दुसऱ्या दिवशी मीनल पळून आली आणि तो खरा असल्याचं दिसलं. आदल्या रात्री तिने आपणहून गहू, कांदा, लसूण टाळला होता, तरी तिसाव्या किलोमीटरला पोट बिघडलं.

मीनल : आता सांगा. लसूण नव्हता, तरी दुखलं.

ताई : लसूण आहे आणि दुखत नाही, असं कधी होतं का?

मीनल : रोज होतं. ऑफिसच्या डब्यात लसणाची चटणी असते. दिवसभर काही होत नाही.

ताई : छान. आमच्याकडे एक जुना दाखला आहे. धूर दिसला की अग्नी असणारच. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला सरपण ओलं लागतं. त्याला उपाधी म्हणतात. तुझ्या दुखण्याला नुसता लसूण पुरत नाही. त्याच्यासोबत आणखी काही असावं लागतं.

मीनल : म्हणजे डबा खाताना मी लोखंडाचा गोळा आणि पळताना ओलं सरपण.

याला वैद्यकाचा आधार आहे. जोरात पळताना रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं, आतड्यांचा पुरवठा निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. त्यात दोन-चार तासांचे हादरे, ऊन, कमी पडलेलं पाणी. कोणी पळण्याआधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली असेल तर तिचाही आतड्यांवर ताण येतो. लांब पळणाऱ्यांपैकी पुष्कळांना असा त्रास होतो, आणि त्यांच्यातले कित्येक जन्मात इरिटेबल बॉवेलवाले नसतात. म्हणून आहारतज्ज्ञ सांगतात की पदार्थ परत आणण्याच्या दिवसांत बाकी सगळं जागच्या जागी ठेवा. एका गटाचा पदार्थ तीन दिवस वाढत्या प्रमाणात खायचा आणि पोटाची नोंद ठेवायची. त्याच तीन दिवसांत रविवार आला आणि तुम्ही बत्तीस किलोमीटर पळून आलात, तर वहीत काय लिहायचं? मॅरेथॉनचा सराव म्हणजे दर आठवड्याला काहीतरी वाढवणं. आहाराचा प्रयोग म्हणजे काहीही न वाढवणं. दोन्हींची शिस्त कडक आहे, आणि ती एकमेकींच्या विरुद्ध आहे.

ताई : म्हणून म्हणते, या वर्षी शर्यत सोड. शर्यत दर वर्षी होते, आतडं एकच आहे.

मीनल : शर्यत दर वर्षी होते, पण मी दर वर्षी शेहेचाळीसची नसते. आणि ताई, तुमच्या दाखल्यात एक गडबड आहे. तुम्ही मला कोरड्या सरपणावर प्रयोग करायला सांगताय. घरी बसा, लसूण खा, दुखतं का बघा. नाही दुखणार, ते मला आजच माहीत आहे. मी आठवड्यात पाच दिवस पळते. माझं सरपण ओलंच असतं. न पळणाऱ्या मीनलच्या पोटाचं उत्तर घेऊन मी काय करू?

ताई बराच वेळ काही बोलली नाही. माझ्या माहितीत तिला गप्प बसवणारे दोघे-तिघेच आहेत, आणि त्यांतले बाकीचे तिचे गुरुजी होते.

ताई : बरोबर आहे. उपाधी काढून टाकली की नियम शुद्ध होतो, पण तो तुझ्या उपयोगाचा राहत नाही.

इथे मी मध्ये पडलो, कारण घरातलं वाणसामान मी आणतो आणि मला वेगळीच काळजी होती. मीनलचं वजन 55 किलो. रोज एक ते तीन तास कसून व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे 6 ते 10 ग्रॅम कर्बोदकं लागतात असं क्रीडापोषणाची पुस्तकं सांगतात. म्हणजे मोठ्या सरावाच्या दिवशी तिला कमीत कमी 330 ग्रॅम. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 28 ग्रॅम असतात, तेव्हा नुसत्या भातावर भागवायचं तर जवळजवळ बाराशे ग्रॅम भात झाला. दिवसाच्या आठ पोळ्या थांबल्या की दीडशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं ताटातून उठली, आणि त्यांच्या जागी कोणी आपोआप येऊन बसत नाही. भाकरी चारच्या वर जात नाही. सोबत वरण नाही, उसळ नाही, दूध नाही. यादीवर परवानगी असलेले पदार्थ पुष्कळ दिसतात, पण संध्याकाळी सातला दमून आलेला माणूस ते करत नाही. तो दही नसलेला भात दोन घास खाऊन झोपतो.

आणि कमी खाल्ल्याचा हिशेब शरीर नंतर मागतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये या अवस्थेला रेड-एस हे नाव दिलं. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडत राहिलं की पाळी अनियमित होते, हाडांना बारीक तडे जातात, झोप आणि उमेद घटते. आणि पोटही बिघडतं.

ताई : थांब. पोट बिघडतं?

मी : हो. फुगणं, बद्धकोष्ठ, सगळं.

ताई : म्हणजे पोट दुखतं म्हणून ही कमी खाणार, कमी खाल्ल्याने पोट दुखणार, आणि ते बघून ही आणखी दोन पदार्थ सोडणार. हा अन्योन्याश्रय झाला. यातून बाहेर यायला आतून दार नसतं.

मीनल : खरं सांगू? सोडणं मला जमतं. आवडतंसुद्धा. पहाटे चारला उठणं, थंडीत बाहेर पडणं आणि वाटीभर बासुंदीला नको म्हणणं, तिन्हींचा आनंद एकाच जातीचा आहे. परत खायचं म्हटलं की भीती वाटते.

या सगळ्या वादात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे वाक्य. पळणाऱ्यांच्या गटात मी कितीतरी माणसं पाहिली आहेत ज्यांनी तीन वर्षांपूर्वी ‘महिनाभरासाठी’ गहू सोडला आणि अजून धरलेला नाही. का, ते सांगता येत नाही. आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्य याच कर्बोदकांतून येतं, म्हणून बंदीचा काळ मुद्दाम थोडा ठेवलेला असतो. पण सोडलं की मनाला काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि जिंकण्याची सवय असलेल्या माणसाला ते फार लवकर पटतं.

ताई : आपल्या आईने कुठलंही व्रत उद्यापनाची तिथी ठरल्याशिवाय धरलं नाही. चातुर्मासात कांदा-लसूण सोडायची, पण कार्तिकी एकादशीनंतर पहिली भाजी कांद्याचीच व्हायची.

मीनल : मला तिथी द्या, मी पाळते.

मग वाद संपून आखणी सुरू झाली. ती मला योग्य वाटते, म्हणून सांगतो. शर्यतीपर्यंत बंदी नाही. पोळी, वरण, दूध चालू, आणि पळताना खाण्याचा सराव मात्र सोडायचा नाही. इतक्या लांबच्या शर्यतीत तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात आणि ती पचवायची सवय आतड्याला हळूहळू लावता येते. मीनल नुसत्या फ्रुक्टोजची पेयं टाळून ग्लुकोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनवरच्या जेलवर आणि मीठ लावलेल्या उकडलेल्या बटाट्यावर ही सवय करते आहे. शर्यतीआधीचे तीन दिवस कांदा, लसूण, गहू, डाळी आणि दूध बंद, भात आणि साबुदाण्याची खिचडी भरपूर. पुष्कळ खेळाडू असंच करतात. त्यातून पेडर रोडचा चढ सुखाचा गेला, तर आनंद मानायचा, निष्कर्ष काढायचा नाही.

खरा प्रयोग फेब्रुवारीत, आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. तेव्हा पळणं थांबवायचं नाही, फक्त रोज सारखंच आणि थोडं ठेवायचं. आधी बंदी, मग एकेक गट परत येईल. आणि जे गट तिथे निर्दोष सुटतील, त्यांची दुसरी परीक्षा लांब पळण्याच्या आदल्या दिवशी, एका वेळी एकाची. या दुसऱ्या फेरीवर ताई अजून कुरकुरते. ऊन, झोप, वेग यांतलं काहीच त्या दिवशी सारखं नसणार, तेव्हा त्याला प्रमाण म्हणू नका, असं तिचं मत. तर्काने ती बरोबर आहे. मी मीनलच्या बाजूचा आहे. धूसर का होईना, तिला लागणारं उत्तर त्याच फेरीत मिळेल.

फ्रुक्टोजच्या परीक्षेला मध किंवा आंबा खायला देतात. ती परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ठेवली आहे आणि मीनलने आंबा मागून घेतला आहे.