गळका बंब आणि गृहस्थाचा धर्म

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात वालूर म्हणून जे जुने गाव आहे, तेथील पौषातली पहाट काही हिमालयातली नव्हे. तरीही स्नानाला ऊन पाणी हवेच. ज्या घरांतून तांब्याचा बंब अद्याप निवृत्त झालेला नाही, तेथे केव्हा ना केव्हा तोटीच्या मुळाशी किंवा बुडाच्या सांध्याशी ओला डाग दिसू लागतो, खालच्या विस्तवावर थेंब पडून चर्र असा आवाज होतो, आणि ओसरीवरचे वडील माणूस शांतपणे म्हणते, "चालायचेच. देहसुद्धा एक दिवस गळायचा, मग हे तर तांबे." शीत देशांत भिंतीभिंतींतून ऊन पाण्याच्या नळ्या खेळवून सारे घर उबदार ठेवतात, आणि तेथे नळी फुटली म्हणजे छत आणि जमीन दोन्हींचा नाश होतो; आपला मामला एका बंबापुरता आहे. परंतु वडिलांच्या त्या उद्गारात जो सिद्धांत गृहीत धरला आहे, तो बंबाएवढा लहान नाही. ज्या वस्तूचा नाश अटळ आहे, तिच्यातून निसटणारा एक थेंब अडवण्याची खटपट हा मोह समजावा की धर्म?

गळणे हा मुळातच दोष आहे असे मात्र म्हणता येणार नाही. शिवालयात पिंडीवर जे अभिषेकपात्र टांगलेले असते, त्याच्या बुडाला छिद्र मुद्दाम पाडलेले असते, आणि ते छिद्र बुजले तर पुजारी तत्काळ ते मोकळे करतो; त्या पात्राचे न गळणे हाच तेथे दोष. बारवेचीही तीच कथा. वालुरात जी चक्राकार बारव आहे, जिच्या पायऱ्या वर्तुळाकार फिरत तळाकडे उतरतात आणि जी ग्रामस्थांनी अलीकडच्या काळात श्रमदानाने मोकळी केली, तिच्यासारख्या वास्तूंचे आयुष्यच पाझरावर अवलंबून असते. बहुतेक जुन्या बारवांचे दगड चुन्यावाचून एकमेकांवर बसवलेले असतात, आणि त्यांच्या सांध्यांतून भोवतालच्या भूमीतले पाणी आत झिरपते. कोणी सुज्ञाने ते सांधे सिमेंटाने लिंपून काढले, तर बारव देखणी होईल आणि कोरडी पडेल.

मग बंबाच्या थेंबाने काय अपराध केला? अभिषेकपात्रातून सुटलेल्या थेंबाच्या पुढच्या प्रवासाची तजवीज आधीच झालेली असते. तो पिंडीवर पडतो, शाळुंकेतून वाहतो, आणि त्याच्या जाण्याला कोणाचा तरी संकल्प साक्षी असतो. बंबाचा थेंब ज्या अग्नीपासून उष्णता घ्यावयाची त्याच अग्नीवर पडून त्याला मंद करतो, आणि हे सारे मालकाच्या बेखबरीत चालते. म्हणजे दोष पाण्याच्या जाण्यात नसून आपल्या हयगयीत आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियनिग्रहाच्या प्रकरणी पखालीचा दृष्टांत आला आहे: एकाच इंद्रियाला छिद्र पडले तरी पखालीतल्या पाण्याप्रमाणे प्रज्ञा निघून जाते. मनूच्या सगळ्याच मतांशी माझे जुळते असे नाही, पण या ठिकाणी त्याची नजर पाणक्याच्या नजरेइतकी तीक्ष्ण आहे.

बंबाची रचना एकदा नीट पाहण्यासारखी आहे. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर निखारे आणि नळीभोवती पाणी. आणि या तांब्याच्या भागांपैकी पुष्कळ ठिकाणी सांधा धरलेला असतो तो तांबटाने दिलेल्या डाकेने. कथिल व शिसे यांची डाक साधारण 183 अंश सेल्सिअसला वितळू लागते, तर जळत्या निखाऱ्याची उष्णता याच्या कितीतरी पट असते; मग रोज पहाटे विस्तव घालूनही तो सांधा वर्षानुवर्षे टिकतो कसा? टिकतो तो आतल्या पाण्यामुळे. पाणी आहे तोवर ते उष्णता आपल्यात ओढून घेते आणि भोवतालच्या धातूला शंभर अंशांच्या फार पुढे जाऊ देत नाही. भांडे पाण्याला धरून ठेवते हे सर्वांना दिसते. पाणीही भांड्याला धरून ठेवते हे कोणी रिकाम्या बंबात विस्तव टाकला म्हणजेच कळते, आणि तेव्हा डाक ओघळून गेलेली असते. धर्माचे लक्षण धारण करणे असे आपल्या परंपरेने सांगितले, त्यात ही परस्परता अभिप्रेत असावी असे मला वाटते: एकाने धरायचे आणि दुसऱ्याने केवळ धरले जायचे, असा हा व्यवहार नव्हे. आजच्या गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते; ती स्वतः झिजते म्हणून टाकीचे लोखंड गंजत नाही. ती संपली की नाही हे पाहण्याची तसदी मात्र फारच थोडे यजमान घेतात.

गळती लागली की बहुतेक घरांत पहिला इलाज होतो तो खाली भांडे ठेवण्याचा. याच जिल्ह्यात जिंतूरजवळ नेमगिरीची जैन गुहामंदिरे आहेत. जैन दर्शनाने तत्त्वांचा क्रम लावताना आत शिरणाऱ्या कर्माला आस्रव म्हटले, मग ते रोखणारा संवर सांगितला, आणि साचलेले झाडून टाकणारी निर्जरा त्याच्यानंतर ठेवली. छिद्र पडलेल्या नौकेतले पाणी उपसत बसण्यापूर्वी छिद्र बुजवावे, हा त्याचा अर्थ. आपले भांडे ठेवणे म्हणजे संवरावाचूनची निर्जरा. त्यात आपल्या विहिरींचे पाणी जड. त्यातल्या क्षारांचे पुट कधी कधी छिद्रावर असे बसते की गळती आपोआप थांबते, आणि घरातले लोक दैवाचे आभार मानतात. तेच पुट पाणी आणि धातू यांच्यामध्ये येऊन धातूला अधिक तापवते, व पुढची भेग पहिलीहून मोठी पडते.

देह नश्वर आहे, म्हणून बंब गळू द्यावा, या वैराग्याचा मला संशय येतो, कारण ते दुरुस्तीच्या वेळी हजर होते आणि उकळत्या पाण्याच्या वेळी गैरहजर असते. गंगाखेडच्या जनाबाईच्या अभंगांत दळणकांडणापासून न्हाण्याच्या विसणापर्यंत सगळे आहे. संसारातल्या कामाला तुच्छ लेखून तिने भक्ती केली नाही. विष्णुस्मृतीने तर कूप, उद्यान, तडाग वा देवालय यांची पुनर्रचना करणाऱ्याला मूळ बांधणाऱ्याइतकेच फळ सांगितले आहे. दुरुस्ती हे दुय्यम काम, अशी समजूत कोणत्याही शास्त्राची नाही. ती आपल्या आळसाची आहे. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली, ते शहर आपल्याच मराठवाड्यातले. सेकंदाला एक या हिशेबाने पडणारे थेंब अहोरात्रात चार लिटरांहून अधिक होतात. ते पाणी ज्याचे त्याने वाहून आणलेले नसेल, तर कोणीतरी आणलेले असते.

तेव्हा ज्यांच्या घरी बंब गळत असेल, त्यांनी मार्गशीर्ष लागण्यापूर्वी तो रिकामा करून, क्षार खरडून तांबटाकडे न्यावा. तांबट आता थोडे उरले आहेत, म्हणून त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. आणि बंब परत आला म्हणजे आधी पाणी भरावे, मग विस्तव टाकावा.