फेरी कुणाची?

वेताळ टेकडी हा पुणे शहरातला सर्वांत उंच भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर. पण एकदा माथ्यावर पोचले की वाट सपाट आणि मळलेली. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठच्या सुमारास तिथे कोवळे ऊन पसरलेले असते, गवत पिवळे पडू लागलेले असते आणि साखळीच्या एका टोकाला माणूस, दुसऱ्या टोकाला कुत्रा अशा जोड्या हमखास भेटतात. इतक्या निरुपद्रवी गोष्टीत नीतीचा प्रश्न कुठून आला, असे कुणालाही वाटेल. प्रश्न आहे, आणि तो साधा आहे: ही फेरी कुणाची? केव्हा निघायचे, कुठल्या वाटेने जायचे, कुठे थांबायचे, केव्हा परतायचे हे सगळे माणूस ठरवतो. पाळीव कुत्र्याचे दिवसाचे उरलेले तासही दुसऱ्यांनीच आखलेले असतात. जेवण केव्हा, बाहेर केव्हा, सोफ्यावर चढायचे की नाही, पाहुणे आल्यावर कुठल्या खोलीत बसायचे, यातले काहीच त्याच्या हाती नसते. ज्याच्या आयुष्यावर इतका ताबा घेतला, त्याला रोजचा अर्धा-पाऊण तास त्याच्या मर्जीने देणे ही कृपा म्हणता येणार नाही. ते देणे लागते.

कायद्यानेही हे मान्य केले आहे, आणि बऱ्याच मालकांना त्याचा पत्ता नसतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम 1960 सालचा. त्याच्या कलम 11 मध्ये मारहाण, उपासमार, विषप्रयोग यांच्या पंक्तीत आणखी एक गोष्ट बसवलेली आहे: नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने वाजवी व्यायाम न देणे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. साठ सालच्या पन्नास रुपयांना वजन होते. आज तेवढ्यात टेकडीच्या पायथ्याशी पोहे आणि चहा जेमतेम होतो. दंडाची भीती संपली तरी कलमामागची समजूत अजून खणखणीत आहे.

व्यायाम म्हणजे पाय मोकळे करणे, एवढाच अर्थ घेतला तर मात्र कुत्र्याच्या हाती थोडेच लागते. त्याचे जग मुख्यतः नाकातून उलगडते. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी सुमारे पन्नास-साठ लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या पुढे जातात. नाकपुड्यांच्या बाजूला असलेल्या चिरांतून तो उच्छ्वास सोडतो, त्यामुळे बाहेर पडणारी हवा समोरून येणारा वास उधळून लावत नाही. एखाद्या खांबाशी तो दोन मिनिटे खिळून राहतो तेव्हा तिथून कोण गेले, नर की मादी, किती वेळापूर्वी, याचा माग काढत असतो. वरच्या माणसाला ती दोन मिनिटे वाया गेलेली वाटतात आणि साखळीला हिसका बसतो. शार्लोट द्युरांतों आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधकांनी 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना दोन आठवडे वास घेत खाऊ शोधायला दिले आणि काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा सराव दिला. नंतर खाऊ असेल की नसेल अशी संदिग्ध वाटी समोर ठेवली, तेव्हा वास घेणारी कुत्री तिच्याकडे आधीपेक्षा लवकर गेली. संशोधकांच्या भाषेत, ती अधिक आशावादी झाली होती. शिस्तीत चाललेल्यांत तसा फरक पडला नाही. मनगटावरच्या घड्याळात दहा हजार पावले भरण्याच्या नादात कुत्र्याला ओढत नेणाऱ्याने हे ध्यानात घ्यायला हरकत नाही. (त्या दहा हजारांचा उगमही प्रयोगशाळेत नाही, 1965 मध्ये जपानात विकायला आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून तो आकडा जगभर गेला.)

वाट सोपी आहे की अवघड, हेही माणूस आपल्या अंगावरून ठरवतो. पायांत बूट असलेल्याला एप्रिलमधले सकाळचे दहाचे ऊन सुसह्य वाटते. त्याच वेळी डांबर आणि उघडा कातळ कुत्र्याच्या तळव्यांना भाजून काढत असतात. हाताची मागची बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. ती टिकत नसेल तर त्या वाटेवर कुत्र्याला नेऊ नये. त्याला घाम फुटतो तो जवळजवळ तळव्यांपुरताच, बाकी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. म्हणून बसक्या नाकाचा पग आणि दाट केसांचा हस्की यांचे आपल्या उन्हाळ्यात विशेष हाल होतात. हस्की पुण्यात पाळावा का, हा प्रश्न फेरीच्या कितीतरी आधी विचारायला हवा, पण तो विकत घेताना सहसा कुणी विचारत नाही. पावसाळ्यानंतर गोचिडी आणि हिवाळ्यात वाळलेल्या गवताचे कुसळ, ही टेकडीची ठरलेली भेट. कुसळ बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरले की पुढे पुढेच सरकते. घरी आल्यावर कान, पंजे आणि काखा चाचपून पाहणे हा फेरीचाच शेवटचा भाग आहे.

आतापर्यंतचा हिशेब दोघांतला होता. पण वाट सार्वजनिक आहे आणि तिथे या नात्याला संमती न दिलेले बरेच जण असतात. मोकळा सोडलेला लॅब्रॅडॉर समोरून धावत येतो, आजी दचकून जागीच थबकतात आणि मागून मालकाचा आवाज येतो, "घाबरू नका हो, तो काही करत नाही." हे वाक्य बहुतेक वेळा खरे असते. तरीही ते उत्तर होत नाही. कुत्रा काय करतो हे मालकाला वर्षानुवर्षांच्या सहवासातून कळलेले असते. आजींकडे तो सहवास नाही, त्यांच्याकडे कदाचित लहानपणीचा एक चावा आहे. शिवाय धक्का लागून पडायला चावा लागत नाही. कुणाला प्राण्याची लाळ अंगाला लागणे धर्माचारामुळे चालत नाही, कुणाला नुसतेच आवडत नाही, आणि यातल्या कुणीही आपले कारण सांगत बसावे अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार मालकाला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साखळी आखूड धरून बाजूला थांबायला कायद्याची गरज पडू नये, ही गोष्ट वेगळी.

ज्यांना तक्रार करता येत नाही असेही तिथे कुणी आहेत. टिटवी उघड्या खडकाळ जमिनीवर अंडी घालते. तिची वीण साधारण मार्च ते ऑगस्ट, म्हणजे ऐन उन्हाळाही त्यात आला. अंडी खड्यांच्याच रंगाची असल्यामुळे दिसत नाहीत. कडक उन्हात ती अंडी तापू नयेत म्हणून टिटवी पोटाची पिसे भिजवून आणते आणि त्यांवर बसते. मोकळा कुत्रा त्या भागात दहा-पंधरा मिनिटे हुंदडला की ती आकाशात आरडाओरडा करत राहते आणि खाली अंडी तापत राहतात. कुत्र्याने एकही अंडे फोडले नाही तरी नुकसान होते. तित्तर आणि मोरही जमिनीवरच घरटी करतात; मोर तर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ससा दिसल्यावर कारवान जातीच्या कुत्र्याने धावू नये, अशी अपेक्षा त्या कुत्र्याकडून ठेवणे मूर्खपणाचे आहे. धावण्यासाठीच ती जात पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेली आहे. तिथे जबाबदार एकच: साखळी सोडणारा हात.

भटक्या कुत्र्यांचा मामला याहून गुंतागुंतीचा. टेकडीच्या पायथ्याशी आणि वाटेवरही त्यांच्या टोळ्यांचे इलाखे ठरलेले असतात. पाळीव कुत्रा तिथे परका, आणि बांधलेला. दोन कुत्री मोकळी भेटतात तेव्हा वळसा घेत, तोंड फिरवत, एकमेकांचा मागचा भाग हुंगत ओळख करून घेतात. ताणलेल्या साखळीत यातले काहीच करता येत नाही. तो थेट समोरासमोर आणला जातो आणि त्यांच्या भाषेत ही आगळीक ठरते. म्हणूनच बरेच मालक हातात काठी ठेवतात. ती दाखवून टोळीला लांब ठेवणे समजण्यासारखे आहे. पण जवळ यायच्या आधीच, किंवा नुसता भुंकला म्हणून, रस्त्यावरच्या कुत्र्याच्या पेकाटात काठी घालणे आणि मग आपल्याला 'ॲनिमल लव्हर' म्हणवून घेणे, हा विरोधाभास रोज सकाळी दिसतो. युधिष्ठिराने कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. महाभारताच्या दुसऱ्या टोकाला, आदिपर्वाच्या सुरुवातीलाच, आणखी एक कुत्रा आहे. जनमेजय राजाच्या यज्ञसत्राजवळ आलेल्या, सरमा नावाच्या कुत्रीच्या पिल्लाला राजाचे तिघे भाऊ मारतात. पिल्लू रडत आईकडे जाते. आपण हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही, असे ते सांगते. सरमा राजाला जाब विचारते, उत्तर मिळत नाही, आणि ध्यानीमनी नसलेले भय तुझ्यावर येईल असा शाप ती देते. स्वर्गाच्या दारातल्या कुत्र्याशी युधिष्ठिराचे नाते होते. हे पिल्लू कुणाचेच नव्हते. न्यायाची कसोटी म्हणून ते अधिक अवघड आहे.

आता विष्ठेचा विषय. तो सभ्य लेखनात टाळला जातो, म्हणूनच वाटेवर उरतो. 'शेण चालते, मग हे का नाही, खतच होईल' हा युक्तिवाद चुकीचा आहे. कुत्र्याच्या विष्ठेत गोलकृमी आणि अंकुशकृमी यांची अंडी असू शकतात. गोलकृमीची अंडी मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातातून पोटात जातात; अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. नियमित जंतनाशक आणि उचलून कचऱ्यात टाकणे, एवढेच उपाय आहेत. विष्ठा पिशवीत बांधून ती पिशवी झुडपावर भिरकावणाऱ्यांनी न उचलणाऱ्यांनाही मागे टाकले आहे, कारण ते प्लास्टिकही मागे ठेवून जातात.

पण रोगांपेक्षा खोल अडचण मनातली आहे. कुत्र्याला पलंगावर झोपवणारा, त्याच्या वाढदिवसाला केक कापणारा माणूस त्याची घाण उचलायला लाजतो, कारण घाण उचलणे हे आपले काम नव्हे, अशी शिकवण आपल्या समाजाने शतकानुशतके दिली आहे. ते काम कुणाचे, हे जन्मावरून ठरवलेले होते आणि महापालिकेच्या सफाई खात्यातही ती विभागणी अजून पुसलेली नाही. पदपथावर सोडून दिलेली विष्ठा दुसऱ्या दिवशी खराट्याने सारणाऱ्या बाईला मालकाने न विचारता, न मोबदला देता कामाला लावलेले असते. कागदाने किंवा पिशवीने स्वतः वाकून उचलणाऱ्याला फार मोठे काही केल्यासारखे वाटायचे कारण नाही; तरी वाकायला तयार नसलेल्याने आपले कुत्र्यावरचे प्रेम नेमके कुठे थांबते ते पाहावे.

अनेक घरांत साखळी मालकाच्या हाती नसतेच. सोसायटीचा रखवालदार, घरकाम करणारी मावशी किंवा महिन्याच्या पगारावर ठेवलेला मुलगा कुत्र्याला फिरवतो, कधी एका हातात तीन-तीन साखळ्या घेऊन. त्याला वेळेत पाच घरे उरकायची असतात, म्हणून खांबाशी थांबायला सवड मिळत नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या घाईचा दर मालकानेच ठरवलेला आहे. टोळी अंगावर आली तर मध्ये तोच उभा असतो. अशा माणसाला कामावर घेताना पगाराबरोबर काही गोष्टी आधीच बोलून ठेवायला हव्यात: कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर दिलेली आहे का, फिरवणाऱ्याला स्वतःला प्रतिबंधक लस द्यायची का, उन्हाळ्यात वेळ बदलली तर चालेल का, त्याच्या आवाक्याबाहेरचे जोरकस जनावर त्याच्या हाती द्यावे का. चावा बसलाच, मग तो घरच्या कुत्र्याचा असो की रस्त्यावरच्या, तर जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पुढच्या लशींच्या तारखा चुकवायच्या नाहीत. त्या सुईचा, रिक्षाचा आणि बुडालेल्या दिवसांचा खर्च मालकाच्या खात्यावर पडतो, पगारातून कापण्याच्या रकमेत नव्हे.