फिल्मचं कर्म आणि फिल्मचं फळ

१९१२च्या एप्रिलमध्ये धुंडिराज गोविंद फाळके लंडनहून मुंबईला परतले, तेव्हा त्यांना सिनेमाचं तंत्र कळलेलं होतं, विल्यमसन कॅमेऱ्याची व्यवस्था झालेली होती, फक्त भांडवल नव्हतं. हलत्या चित्रांच्या धंद्यात पैसा घालायला कोणी धजावत नव्हतं. मग फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा लावला. रोज थोडं थोडं चित्रण करत त्यांनी महिन्याहून अधिक काळ ते रोप टिपलं. पडद्यावर मात्र मिनिटभरात कोंब फुटला, पानं उलगडली, वेल वर चढली. ही चिमुकली फिल्म पाहून पैसेवाल्यांचा विश्वास बसला, कर्ज मिळालं आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

स्टुडिओ नाही, कंपनी नाही, घरच्या घरी केलेली ती वाटाण्याची फिल्म. आजच्या भाषेत ही इंडिपेंडंट शॉर्ट फिल्मच, आणि ती अगदी उघडपणे फळावर डोळा ठेवून केलेली होती.

कर्मावर आपला अधिकार आहे, फळावर नाही, ही गीतेची शिकवण मराठी घरात पाठ्यपुस्तकाच्याही आधी कानावर पडते. शॉर्ट फिल्म करून यूट्यूबवर टाकणाऱ्या मुलामुलींना ती उठता-बसता ऐकवली जाते: व्ह्यूजचा विचार करू नका, काम करत राहा. हा सल्ला मनापासून दिलेला असतो, पण त्यात मुख्य प्रश्नच राहून गेलेला असतो. फिल्मच्या बाबतीत कर्म कुठे संपतं आणि फळ कुठे सुरू होतं?

पॅकअप झालं म्हणजे कर्म संपलं असं कोणी म्हणणार नाही. एडिट, साउंड, कलर हेही कर्मच. मग पुढचं? बहुतेक लोक फिल्म मोबाइलवर पाहतात. मोठ्या स्पीकरवर सुरेख वाटलेला पाऊस फोनच्या स्पीकरवर संवाद गिळून टाकतो. तो आवाज पुन्हा बसवणं, सबटायटल्स नीट लिहिणं, फिल्म कोणासाठी आहे ते ओळखून तिथवर पोचवणं, हे सगळं कर्मात येतं. फिल्म पाहिली जाण्यासाठीच असते. ती कोणाला दाखवलीच नाही, तर फळाचा त्याग होत नाही, काम अर्धवट राहतं. ‘मी स्वतःसाठी फिल्म करतो’ असं म्हणून ती हार्ड डिस्कमध्ये ठेवणाऱ्याला निष्काम म्हणता येत नाही. बरेचदा त्यामागे नाकारलं जाण्याची भीती असते, आणि भीती हीसुद्धा फळाचीच आसक्ती आहे.

फळ सुरू होतं ते आकड्यापाशी. यूट्यूब फिल्म करणाऱ्याला एक आलेख दाखवतं: प्रेक्षक कोणत्या सेकंदाला टिकून आहेत आणि कुठे निघून गेले. बहुतेक आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटात कड्यासारखे कोसळतात. समजा, फिल्मच्या सुरुवातीला एक म्हातारी चुलीपाशी बसली आहे, काहीच बोलत नाही, फक्त फुंकणीने जाळ करते आहे. वीस सेकंदांचा शॉट. आलेख त्याच शॉटवर पडलेला दिसतो. पुढच्या फिल्ममध्ये दिग्दर्शक तसा शॉट घेतच नाही. तो का घेतला नाही, हे त्यालाही धड सांगता येत नाही. आकड्याने नुकसान होतं ते इथे. झालेल्या फिल्मला आकडा हात लावत नाही, तो पुढच्या फिल्मच्या पटकथेत शिरतो.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता प्रवचनांत (ती साने गुरुजींनी उतरवून घेतली) हाच मुद्दा वेगळ्या अंगाने येतो. फळाची इच्छा नसलेल्याचं काम इच्छा असलेल्याच्या कामापेक्षा सरस व्हायला हवं, असं ते सांगतात, कारण दुसऱ्याची बरीचशी शक्ती आणि वेळ फळाच्या चिंतनातच खर्च होतो. फाळक्यांचं उदाहरण इथे चपखल बसतं. त्यांना कर्ज हवं होतं, हे खरं. पण वाटाणा कोणाच्या घाईने वाढत नाही. महिनाभर कॅमेऱ्यामागे त्यांचं लक्ष रोपावर राहिलं असणार, सावकारावर नव्हे. हेतू फळाचा असला तरी काम करताना माणूस कामातच असू शकतो, हा गीतेच्या वाचकाला मोठा दिलासा आहे.

फळाची वेळ आणि वाट आपल्या हातात नसते, याचा दाखला तर इंटरनेट रोज देतं. स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्ग यांनी २०१३ साली स्वतःच्या घरात ‘लाइट्स आउट’ ही तीन मिनिटांहून छोटी भयकथा चित्रित केली. कॅमेऱ्यासमोर त्यांची पत्नी लोट्टा लोस्टेन. फिल्म एका ऑनलाइन स्पर्धेसाठी केली होती. स्पर्धा आटोपून गेली, आणि काही महिन्यांनी ती अचानक जगभर पसरली. २०१६ साली त्याच कल्पनेवर हॉलिवूडचा पूर्ण चित्रपट आला, दिग्दर्शक सँडबर्गच. तेवढ्याच मेहनतीने केलेल्या किती फिल्म जिथल्या तिथे राहिल्या, त्याची गणती कोणी ठेवत नाही.

पण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट फार सोयीने गाळली जाते. फळाचा त्याग स्वतःच्या फळाचा करायचा असतो. शॉर्ट फिल्मच्या सेटवर मात्र तो दुसऱ्यांकडून करवून घेतला जातो. ‘बजेट नाही रे, आपलीच फिल्म आहे’ म्हणत साउंड रेकॉर्डिस्टला तीन रात्री राबवायचं, मेकअप करणाऱ्या मुलीला रिक्षाभाडंही द्यायचं नाही, आणि श्रेयनामावलीत नाव चुकवायचं. ज्याने हौसेने वेळ दिला त्याची गोष्ट वेगळी, ज्याचं पोट त्या कामावर आहे त्याची वेगळी. कीर्तनाचा मोबदला घेऊ नये असं तुकोबांचं सांगणं प्रसिद्ध आहे, पण तो नेम त्यांनी आधी स्वतःला लावून घेतला होता.

अमेरिकेच्या नीना पॅली यांनी हा हिशेब फार स्वच्छ केला. त्यांचा ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ (२००८) हा लघुपट नव्हे, ८२ मिनिटांचा चित्रपट. पण जवळजवळ सगळं अ‍ॅनिमेशन त्यांनी एकटीने घरच्या संगणकावर केलं. त्यात १९२०च्या दशकातली अ‍ॅनेट हॅनशॉ यांची गाणी आहेत, आणि त्या गाण्यांच्या रचनांचे हक्क कंपन्यांकडे होते. हा कॉपीराइटचा कायदा पॅलींना मुळीच मान्य नव्हता. तरीही त्यांनी कर्ज काढून सुमारे ५० हजार डॉलर भरले आणि मग स्वतःचा चित्रपट इंटरनेटवर सर्वांसाठी मोकळा केला. २०१३ साली उरलेसुरले हक्कही सोडले. दुसऱ्याचं देणं आधी, स्वतःचा त्याग नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे.

फिल्म अशी मोकळी करण्यात महोत्सवांची अडचण येते, ती खरी आहे. अनेक महोत्सवांना आधी ऑनलाइन आलेली फिल्म चालत नाही, म्हणून दिग्दर्शक वर्ष-दोन वर्षं ती पासवर्डच्या कुलपात ठेवतात. त्यात गैर काही नाही. पण ती फेरी संपल्यावरही कित्येक मराठी शॉर्ट फिल्म तशाच पडून राहतात, आणि ज्या गावात त्या शूट झाल्या तिथल्या माणसांनीही त्या पाहिलेल्या नसतात. ज्यांच्याकडे अशी फिल्म असेल त्यांनी तिची सबटायटल्स एकदा तपासावीत, राहिलेली देणी चुकती करावीत, श्रेयनामावलीतली नावं पूर्ण आणि शुद्ध लिहावीत आणि ती लोकांसाठी खुली करावी. पहिली लिंक त्या गावाला पाठवावी.