सेतू म्हणजे बांध

शिवडीला भाच्याने गाडी अटल सेतूवर घातली, तेव्हा आईच्या मांडीवर कागदात गुंडाळलेली झेंडूची चार फुलं होती. आईचं माहेर उरणकडचं. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडायची, मधोमध आलं की फुलं पाण्यात सोडून हात जोडायचे, हा तिचा लग्नापासूनचा नेम. "मधोमध आलं की सांग रे," ती म्हणाली.

कसं सांगणार? पूल 21.8 किलोमीटरचा, त्यातला साडेसोळा समुद्रावर, मोटारींना ताशी 100 किलोमीटरची मुभा आणि थांबायला मनाई. ट्रॉम्ब्याचं अणुकेंद्र दिसू नये म्हणून डावीकडे काही अंतर उंच आडोसे. उजवीकडे घारापुरी दाखवावी म्हणून मी चष्मा पुसत होतो, तेवढ्यात खाजणाचा चिखल दिसायला लागला. चिर्ल्याला उतरल्यावर आई म्हणाली, "दर्या गेला पण?"

मी शाळेत संस्कृत शिकवलं. 'सेतू' आला की मुलं हटकून 'पूल' लिहायची. चूक नाही, पण अपुरं. शब्द 'सि' म्हणजे बांधणे या धातूचा. त्यात बांधही येतो. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात आत्म्याला सेतू म्हटलंय ते याच अर्थाने: हे लोक एकमेकांत कालवले जाऊ नयेत म्हणून धरून ठेवणारा. दिवस-रात्र, जरा, मृत्यू, शोक हा सेतू ओलांडत नाहीत.

मुलांना हे पटवायला मी आजोळचा बांध सांगायचो. आजोबांची भातशेती खारजमिनीत. समुद्र बाहेर ठेवणारा मातीचा बांध, त्यात पाण्याला वाट म्हणून उघाडी. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने तिची लाकडी झडप आपोआप मिटायची; ओहोटीला आतलं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडायचं. उधाणाला आजोबा कंदील घेऊन रात्रभर बांधावर. कुठे खेकड्याचं बीळ पाझरलं की चिखलाचा गोळा थापायचा. एकदा खारं पाणी आत आलं की त्या वर्षीचं भात गेलं.

छांदोग्यात पुढे असंही येतं, की हा सेतू ओलांडला की आंधळा आंधळा राहत नाही. म्हणजे ओलांडायचंच आहे. पण मला वाटतं, जे ओलांडायचं त्याने आधी अडवायला हवं. लाँचमध्ये दर्या अडवायचा. भरतीची वाट पाहायला लावायचा, पावसाळ्यात पोटात गोळा आणायचा. हात जोडले जायचे ते त्या अडवण्याला.

पुलाला मी नावं ठेवणार नाही. 12 जानेवारी 2024ला तो उघडला आणि उरणच्या माणसाला मुंबई जवळ आली. अडल्यानडल्या रात्री गाडी काढावी लागते, तेव्हा भरतीचं कौतुक कुणाला सुचत नाही. पण पूल आणि बांध या एकाच शब्दाच्या दोन बाजू होत्या, त्यातली एक आमच्या हातून सुटली.

फुलं तशीच राहिली. परतताना आईने गाडीत बसायला साफ नकार दिला. भाचा एकटा पुलावरून गेला, आम्ही दोघं मोरा बंदरावर. ओहोटी होती, जेट्टीपाशी नुसता गाळ. लाँच लागायला दीड तास थांबावं लागलं.