डबा आणि वही

मूल घराबाहेर पडलं की रिकाम्या हातानं परतत नाही. शिंपले, चिंचोके, सागरगोटे, साळुंकीचं पीस, सापाची कात, नाहीतर एखादा मेलेला भुंगा. आमच्या घरी यासाठी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि शेजारी एक वही. वस्तू डब्यात जाते. ती कधी, कुठं सापडली आणि तिथं काय दिसलं, ते वहीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना या उद्योगाचं कौतुक वाटतं. आम्हाला त्यात एक अवघड प्रश्न दिसतो: एखादी गोष्ट समजून घ्यायची म्हणून ती ताब्यात घेण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

प्रश्न मुलांनीच उभा केला. किनाऱ्यावरून रिकामा समजून आणलेला शंख रात्री डब्यात खुडबुडू लागला. आत खेकडा होता. या खेकड्याच्या पोटाला स्वतःचं कवच नसतं. मेलेल्या समुद्री गोगलगायीच्या शंखात तो बिऱ्हाड करतो आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधतो. सकाळी मुलं त्याला पाण्याकाठी सोडून आली. पण धाकटी म्हणाली, "अब्बा, मग रिकामा शंख तरी आपला कसा? उद्या त्याला लागला तर?"

अशा वेळी प्रश्न हलाल-हरामच्या खात्यात टाकून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. पण हदीसमध्येच दोन प्रसंग आहेत. सफरीत काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्लं उचलली, ती कासावीस होऊन फडफडू लागली, तेव्हा हुजूर (स.) यांनी पिल्लं परत ठेवायला सांगितली. दुसरा प्रसंग छोट्या अबू उमैरचा. त्याचा पाळलेला पक्षी मेला, तो हिरमुसला, तेव्हा हुजूर (स.) यांनी त्या पक्ष्याचं नाव काढून मायेनं त्याची चौकशी केली. पक्षी पाळलासच का, असं विचारलं नाही. आम्ही दोन्ही प्रसंग सांगितले. थोरल्यानं लगेच दुसरा पकडला. मुलं जन्मजात वकील असतात.

सलीम अलींचं नाव समाजातल्या कर्तबगारांच्या यादीत आपण अभिमानानं घेतो. त्यांची सुरुवात मात्र बंदुकीनं झाली, हे मुलांना सांगताना जरा चाचरायला होतं. 1908 साली मुंबईतल्या या मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असला पक्षी खाणं मुसलमानाला चालतं का, या शंकेनं तो मामा अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. तिथं खणांमधून ओळीनं मांडलेले, भुसा भरलेले पक्षी त्यानं पाहिले आणि जन्माची दिशा ठरली. म्हणजे मेलेल्या पक्ष्यांच्या संग्रहानंच त्याला जिवंत पक्ष्यांकडे नेलं.

यावरून संग्रह वाईट आणि वही चांगली, असा सोपा निवाडा करावा तर तीही सोय नाही. त्याच्याही आधीची, 1906-07 च्या सुमाराची त्यांची एक टिपण आहे. भिंतीतल्या भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली, बाहेर खिळ्यावर नर पहाऱ्याला. मुलानं नर टिपला. थोड्याच वेळात दुसरा नर येऊन तिथंच बसला. सात दिवसांत असे आठ नर मेले. निरीक्षण इतकं अचूक, की साठेक वर्षांनी ते जसंच्या तसं छापलं गेलं. आम्हाला ती टिपण वाचताना नेहमी अस्वस्थ वाटतं. नजर पक्की आहे, हात पक्का आहे, पण त्या चिमणीचं काय झालं असेल हा विचार त्या पानावर कुठंच नाही. वही लिहिली की मन आपोआप हळवं होतं, हे खरं नव्हे. पुढंही अभ्यासासाठी पक्षी मारणं सलीम अलींनी सोडलं नाही, आणि ते लपवलंही नाही. भरतपूर आणि सायलेंट व्हॅली वाचावी म्हणून शब्द टाकणारेही तेच.

मग वहीचा उपयोग काय? तिच्यासाठी थांबावं लागतं. 1930 साली हाताला नोकरी नसताना सलीम अली अलिबागजवळ किहीमला राहिले आणि सुगरणीचे खोपे बघत बसले. नर अर्धा खोपा विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तरच तो पुरा होतो. मग नर दुसरा विणायला घेतो. (आपण मराठीत कौतुक 'सुगरण' म्हणून बाईचं केलं, विणकर निघाला बाप्या!) हे खोपा तोडून घरी आणला असता तर कधीच कळलं नसतं.

आता काळही तो राहिलेला नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंसुद्धा शिकारीत धरलं आहे. पण कायद्याच्या धाकानं मुलाचा हात आखडावा, हे आम्हाला पटत नाही. ज्या मुलानं कधी पीस गालावरून फिरवलं नाही, त्याला पक्ष्यांची फिकीर कशी वाटावी? म्हणून डबा आम्ही फेकलेला नाही. वस्तू आधी जागेवर बघायची, चित्र काढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. कुणाच्या कामाची दिसली नाही तरच उचलायची, एवढी अट घातली. ही अटही थोरल्याला जाचते.

सध्या भांडण गॅलरीतल्या बुलबुलाच्या घरट्यावरून आहे. पिल्लं उडून गेली, आता ते आपलं, असं थोरला म्हणतो. धाकटीनं वहीत लिहून ठेवलंय, की मादी काल संध्याकाळी येऊन कडेवर बसली होती.