रक्त आणि भाकर

गेल्या उन्हाळ्यात माझा पुतण्या पुण्याहून तेल्हाऱ्यास आला आणि त्याने माझ्यापुढे एक लहानशी नळी ठेवली. "काका, हिच्यात थुंका. आपली कुळी मूळची कुठली, ते कळेल," तो म्हणाला. मी नळी घेतली आणि कपाटात ठेवून दिली. ती अजून तेथेच आहे. का, तेच आज सांगावयाचे आहे.

पूर्वजांच्या शोधाला मी हसत नाही. स्कॉटलंडातील मॅकग्रेगर कुळाचे नावच 1603 साली राजाज्ञेने बेकायदा ठरले. ते बंधन कायमचे उठले 1774 साली. मधल्या काळात कित्येकांनी दुसरी नावे घेतली. त्यांचे वंशज आज लाळेच्या परीक्षेने हिरावलेले नाव शोधीत असतील, तर त्यांना कोण नावे ठेवील? आपल्या कोकणातील बेने इस्रायलांना लोक शनवार तेली म्हणत. आमचे पूर्वज समुद्रापलीकडून आले, असे ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्या रक्तात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. शिवाय 2023 साली न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेल्यापासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींसाठी मोडी कागद आणि शाळांची दाखल-खारिज रजिस्टरे किती उलगडली गेली, हे मी मास्तर असल्याने जाणतो. पणजाच्या नावापुढील एका शब्दावर पोराची फी अवलंबून असते. त्या शोधात भाकर आहे.

पण माझ्या पुतण्याला फी नको होती. त्याला पुरावा हवा होता. माझ्या चुलत भावाच्या मुलीने स्वतःच्या मनाने मुलगा निवडला आहे. मुलगा कमावता, निर्व्यसनी. फक्त जात वेगळी. घरात एकच घोष चालू होता : "आपली कुळी शुद्ध. तिला बट्टा नको." ती शुद्धता आता नळीत भरून परदेशी पाठवावयाची होती.

विज्ञान मला मास्तरापुरतेच कळते. पण हिशेब सोपा आहे. दर पिढीला पूर्वज दुप्पट होतात. दहा पिढ्या मागे गेले की 1,024 जागा भरतात. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र त्यांतील एकाच पुरुषाची साक्ष देते. नाशिकच्या उपाध्यायाच्या वहीतली आमची नामावळही तशीच आहे : बापामागून बाप, त्यामागून बाप. ज्यांनी ही सारी माणसे पोटात वाढविली, त्या बायकांचा तिच्यात पत्ता नाही. कुळी म्हणून आपण मिरवितो ती एवढीच. महानदीतली एक धार.

आणि ती धारही आमच्या घरी अखंड नाही. माझ्या आत्याने मरणापूर्वी मला ते सांगितले. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळले, बाहेरच्या मुलखातूनही उपाशी माणसे येथे आली. त्यांतले चार-पाच वर्षांचे एक पोर आमच्या ओट्यावर उरले. घरात मूल नव्हते. आत्या म्हणाली, "कोनाचा पोरगा, कोन्या जातीचा, कोनी इचारलं नाई बापा. भुकेला होता, भाकर देल्ली." तोच माझा पणजोबा. नाशिकच्या वहीत त्याचे नाव मुलगा म्हणून लिहिले आहे.

ती नोंद खोटी काय? मला तसे वाटत नाही. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे. 1884 साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. त्यांचे वाय गुणसूत्र भोसल्यांचे नव्हते, म्हणून कोल्हापूरचे काय अडले? 1902 साली मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा राजा त्या घराला दत्तकानेच मिळाला. वंशावळीत रक्ताची नोंद असते तशी निर्णयाचीही असते. कोणी एकाने म्हटले, 'हा माझा' — आणि पुढच्या पिढ्या त्या शब्दावर उभ्या राहिल्या.

येथे थांबता आले असते तर निबंध गोड झाला असता. पण आत्याचे बोलणे तेथे संपले नव्हते. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. आमच्या वाड्यातील विहिरीला गोडे पाणी होते आणि त्या विहिरीवर जात विचारल्यावाचून कोणाला पोहरा टाकू देत नसत. पणजोबा मोठे झाल्यावर तेही देत नसत. ज्याची जात कोणी विचारली नाही, तो साऱ्यांना जात विचारीत बसला! त्या एका दयेवर आम्ही चार पिढ्या जगलो. आणि ती दया उघडी पडू नये म्हणून चार पिढ्या निर्दय राहिलो.

म्हणून माझा प्रश्न नळीचा नाही. लाळ माझी असली तरी तिच्यातले गुपित भावांचे, पुतण्यांचे, त्यांच्या मुलांचेही आहे. त्यांना न विचारता ते परक्या यंत्राच्या हवाली करावे, असे मला वाटत नाही. पण तेच गुपित झाकून ठेवून एका मुलीचे लग्न मोडू द्यावे, हेही पाप आहे. आजवर मी गप्प राहिलो, ते वडीलधाऱ्यांचा मान राखण्यासाठी असे मी स्वतःस सांगत आलो. खरे पाहता मी भीत होतो.

नळी कपाटातच राहील. पण या दिवाळीत सारे भाऊबंद फराळाला जमतील, तेव्हा त्या मुलीला शेजारी बसवून मी आत्याची गोष्ट आत्याच्याच शब्दांत सांगणार आहे. तोंडाचा उपयोग थुंकण्याहून अधिक चांगला करता येतो.