उसने तारुण्य

वय ठरवावे कशावरून, जन्मावरून की अंगातील जोमावरून? ययातीच्या कथेने पडणारा हा प्रश्न आकाशातही पडावा, हे नवल. (आम्हां दिव्यास राहणारांस तारे क्वचितच दिसतात, ही गोष्ट निराळी.)

आपल्या आकाशगंगेच्या चकतीत काही तांबडे राक्षसी तारे आहेत. त्यांत लोहाच्या मानाने मॅग्नेशियम व सिलिकॉन अधिक. ही द्रव्ये प्रचंड ताऱ्यांच्या स्फोटांतून लवकर उपजतात. पुष्कळसे लोह मागाहून येते. तेव्हा हे तारे जुन्या पिढीचे असावयास हवेत. पण 'कोरो' व 'केप्लर' या दुर्बिणींनी टिपलेल्या कंपनांवरून २०१५ साली त्यांचे वजन काढले, तो ते भारी निघाले; आणि भारी तारा इंधन झपाट्याने जाळतो, सबब तो तरुणच असला पाहिजे!

कोणी म्हणाले, आकाशगंगेच्या मध्यदंडाजवळ ते अलीकडे जन्मले असतील. आता बहुतेकांविषयी दुसरे मत बळावले आहे: जोडीदाराचे द्रव्य ओढून, किंवा दोघे एक होऊन, वजन वाढले. वजनाची साक्ष खोटी नव्हती. तारा जन्मभर एकटाच राहिला, हे गृहीत मात्र शास्त्रज्ञांचे होते. कर्तबगार पुरुषाविषयी आम्हीही असेच गृहीत धरतो. घरात त्याच्यासाठी झिजलेल्यांचा हिशेब कोण मांडतो? पुरूने तारुण्य निदान स्वखुशीने दिले. ताऱ्यास संमती कोठली, म्हणून त्यास चोर म्हणणे आम्हांस पटत नाही. माणसास ती सवलत द्यावी, असेही वाटत नाही. यांतील काही ताऱ्यांचा वेग हेलकावतो, म्हणजे झिजलेला सोबती अजून भोवती फिरत असावा. जेथे दोघे एक झाले, तेथे विचारावयास कोणी उरलेलेच नाही.